घर बाबांना, ते हयात आहेत म्हणून

मी, साधना दादाजी भानारकर, वय २६, धंदा शिवणकाम, रा. बेलटोला, ता. कोरची, जि. गडचिरोली, प्रथम एक चूक दुरुस्त करते. दिवाळीत केलेल्या मृत्युपत्रात माझ्या वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहिले गेले. अर्जनवीसाने विचारले, "सात वर्षं झाली ना बेपत्ता?" मी मान हलवली आणि सही केली. बाबा वारल्याचे कोणीही पाहिलेले नाही. म्हणून ते मृत्युपत्र रद्द करून हे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिते.

बाबा मिरची तोडायला तेलंगणात गेले ते परतले नाहीत. पोलीस ठाण्यातला तपास बंद झालेला नाही, पुढेही गेलेला नाही. यंदा आमची शेजारीण धुरपताबाई तिकडून शिमग्याला आली. खम्ममजवळच्या एका तळ्यावर तिने झुडपावर वाळत टाकलेले मासळीचे जाळे पाहिले. त्याच्या काठाला भाजलेल्या मातीची वजने, एक गोल, एक चपटे, अशी आळीपाळीने. आमच्या तळ्यात गाळ फार, म्हणून बाबा तशी बांधत. दुसरे कोणी बांधत नाही. "तुह्या बाबाचंच जाळं वो पोरी," ती म्हणाली. "मानूस नाई दिसला. पन जाळं ओलं होतं."

घर आईने मरणाआधी माझ्या नावे केले होते. माझ्यामागे ते बाबांना द्यावे. ते येईपर्यंत माझी मैत्रीण दिव्यानी हिने तिथे राहावे. कुलूप एकदा ओढून पाहावे. मी चारदा पाहते, तेवढे नको.

शिवणयंत्र दिव्यानीला, कायमचे. सरपंचबाईंचे ब्लाउज अर्धे राहिले आहे. बाही त्या सांगतात त्यापेक्षा सैल ठेवावी.

बाबांचा तळ्यातला डोंगा माझा नाही, म्हणून तो मला कोणाला देता येत नाही. झिंगूकाकांनी तो न विचारता नेला, हे मी विसरलेली नाही. पावसाळ्याआधी त्यांनी त्याला डांबर लावावे. बाबा विचारतील.

काकांनी येत्या अमावस्येला पळसाच्या पानांचा पुतळा करून बाबांना अग्नी द्यायचे ठरवले आहे. शरीर मिळत नाही त्याचे असेच करतात, आणि काकांचा भावावर जीव आहे, हे मला मान्य आहे. तरी मी खम्ममहून येईपर्यंत पुतळा जाळू नये. मी आलेच नाही, तर माझा जाळावा. बाबांचा नाही.

काल हे वाचून दाखवले, तेव्हा काका म्हणाले, "अन् तो मानूस दुसराच निंगाला त?"

"त त्याले जाळं कोनी शिकवलं, ते इचारीन."

"तुले तेलगू येते?"

"नाई."

काकांनी धुरपताबाईच्या घराकडे पाहिले. मग म्हणाले, "धुरपतीले संगं ने. ते तेलगूतबी भांडते."

बाबा भेटले तर इतकी वर्षे का आले नाहीत, हे मी विचारणार आहे. रागावणार नाही, असे मात्र लिहून देत नाही.

दिव्यानीला यंत्र मिळणार, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार:
१. झिंगू भानारकर (सही). "पुतळा थांबवला" असे त्यांनी सहीखाली स्वतः लिहिले.
२. बापूजी मेश्राम (सही)

लिहून देणार: साधना दादाजी भानारकर (सही)
स्थळ: बेलटोला. दिनांक: १३ मार्च २०२६.

खम्ममला निघण्याचा दिवस: सोमवार, १६ मार्च २०२६, पहिल्या एसटीने.