खुर्ची फिरवली तेव्हा

१२ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण आठ महिन्यांत साधा फोन केला नाही, तेव्हा साष्टांग जरा जास्तच होईल. नुसता नमस्कार घे. वहिनीची कंबर आता बरी आहे ना? तुझ्या लेकीचे पुढचे दोन्ही दात पडले असं मावशीकडून कळलं. तिला सांग, आत्याचेही याच वयात पडले होते आणि तिच्या बापाने ते लपवून ठेवले होते.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण माझ्या फोनचा आवाज हल्ली धड येत नाही. शिवाय फोनवर आपण दोघं दुसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो. कामाचा एक सल्ला हवाय, म्हणून लिहितेय.

स्टुडिओचं बरं चाललंय. अंध मुलांच्या शाळेची पाठ्यपुस्तकं अजून आपल्याकडेच ध्वनिमुद्रित होतात. वाचनाच्या बाई वेळेवर येतात, पाणी पिऊन घसा साफ करतात आणि अजूनही पान उलटताना हातातल्या बांगड्या वाजवतात. तू दिलेला रुमाल मनगटाला बांधते मी त्यांच्या. त्या तुझी चौकशी करतात आणि मी विषय बदलते.

तर सल्ला. आपले तपासणीचे मॉनिटर स्पीकर बदलावेत असं वाटतंय. वर्षभरात ते फार मंद झालेत. विशेषतः डावीकडचा. आवाज पडदा लावल्यासारखा येतो, ‘स’ आणि ‘श’ नीट सुटे होत नाहीत. मी डाव्याच्या आतला वरचा छोटा स्पीकर बदलून घेतला, फरक पडला नाही. म्हणून परवा दुकानात गेले. त्या दुकानदाराने नवे मॉनिटर ऐकवले, तेही मला तसेच मंद वाटले. मग त्याने शेजारच्या खोलीतले घरात ठेवायचे मोठे स्पीकर लावले. दादा, काय सांगू. सगळं स्वच्छ, गोड, वरचे सूर कसे लख्ख. मी दहा मिनिटं तिथेच बसून राहिले. घेऊनच टाकते म्हटलं, तर तो माणूस म्हणाला, “ताई, हे ऐकायला आहेत, तपासायला नाहीत. यांच्यावर सगळंच छान वाटतं. तुमच्या कामात चूक दिसायला हवी ना?”

मला त्याचा राग आला. माल विकायला बसलाय आणि गिऱ्हाइकालाच शिकवतोय. पण हे वाक्य तर तुझंच आहे. मॉनिटर म्हणजे तोंडावर खरं सांगणारा माणूस आणि घरचा स्पीकर म्हणजे लग्नाला आलेला पाहुणा, असं तूच म्हणायचास. मग मला सांग, यंदा काय घ्यावं? कामासाठी मॉनिटरच, की ते घरचे चालतील? माझं मन घरच्यांकडे ओढ घेतंय. तू हो म्हणालास तर उद्या घेते.

तुझा नियम मी विसरलेले नाही. आधी अदलाबदल, मग खरेदी. आज दुपारी ती केली. डावा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. स्पीकर बिघडला असेल तर बिघाड त्याच्याबरोबर उजवीकडे जायला हवा होता. तो गेला नाही. मंदपणा डावीकडेच राहिला. मग वायर बदलली. तरी डावीकडेच. आता खोलीतच काही दोष असेल, डाव्या भिंतीला ओल आली असेल, म्हणून उद्या बघणार आहे.

बुधवार, सकाळ

काल पत्र इथेच थांबवलं होतं. पाकिटात घालून, चिकटवून टाकणार होते. मग पहाटे जाग आली आणि स्टुडिओत जाऊन बसले.

भिंत कोरडी आहे.

मग मी खुर्ची फिरवली, स्पीकरकडे पाठ करून बसले आणि वाचनाच्या बाईंचा तोच धडा लावला. दादा, मंदपणा दुसऱ्या स्पीकरवर गेला. पुन्हा सरळ बसले, तो परत आला. मी चार वेळा फिरले. जिथे माझा डावा कान, तिथे मंद. अदलाबदल करायची राहिलेली एकच वस्तू होती.

खरं सांगायचं तर हे मला कालही माहीत होतं. दुकानातही माहीत होतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक थांबली म्हणून मी नवा सेल घातला, तेव्हा काटा फिरतच होता. गेल्या महिन्यात रस्ता ओलांडताना डावीकडून सायकल आली, माणूस म्हणे तीनदा ओरडला. मी त्यालाच चार शब्द सुनावून आले. फोनचं म्हणशील, तर फोन चांगला आहे.

आता तुझी क्षमा मागायची आहे आणि ती कशी मागायची ते कळत नाही. त्या दिवशी इतिहासाच्या पुस्तकाचा तिसरा भाग ऐकून तू म्हणालास, “सगळे ‘स’ टोचतायत. वरच्या सुरांची बाजू एवढी का चढवलीस?” आणि मी बाईंच्या देखत म्हणाले, “तुझेच कान बाबांच्या वाटेला लागलेत.” तू किल्ल्यांच्या जुडग्यातून स्टुडिओची किल्ली काढलीस, टेबलावर ठेवलीस आणि गेलास. ती अजून तिथेच आहे. तिच्याभोवतीची धूळ मी पुसते, ती उचलत नाही.

तू म्हणालास ते खरं होतं. आज जुन्या नोंदी काढून पाहिल्या. वरची बाजू पहिल्या पुस्तकाला मी दोन डेसिबलने चढवली होती, चौथ्याला चार. आताच्याला सात. मला ऐकू येईना, म्हणून मी चढवत गेले, आणि मला वाटलं मॉनिटर म्हातारे झाले. मागच्या आठवड्यात शाळेतल्या गुरुजींचा निरोप आला. ते स्वतःही पाहू शकत नाहीत, दिवसभर मुलांबरोबर ऐकतात. म्हणाले, “दोन तास ऐकलं की मुलं कान दुखतात म्हणतात. टाळाटाळ करतायत असं समजून मी त्यांना रागावलो. मग शांतपणे स्वतः ऐकलं. ताई, तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या.” त्या मुलांना डोळ्यांचं काम कानांनीच करावं लागतं, आणि मी वर्षभर त्यांच्या कानात सुया घातल्या.

मला भीती वाटते, दादा. हे लिहितानाही वाटते आहे. बाबांचं आठवतंय ना? आपल्या दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ उघडून बसलेले असायचे आणि आपण मागे उभं राहून, “बाबा, लिमलेटच्या गोळ्या आणू?” असं हळू, मग जरा मोठ्याने विचारायचो. कितव्यांदा मान वळते यावर पैज लावायचो. तू हरलास की मला तुझा वाटा मिळायचा. नंतर नंतर ते वळायचेच नाहीत, आणि पाहुणे हसले की सगळ्यांच्या मागोमाग हसायचे. डॉक्टरकडे कधी गेले नाहीत. शेवटी शेवटी रेडिओ चालू आहे का हे स्पीकरच्या कडेला बोट लावून बघायचे. आज पहाटे माझं बोट तिथे होतं. कधी ठेवलं ते मला आठवत नाही.

ऐकू येईनासं झालं तेव्हा बाबा पन्नाशीचे होते. मी एकेचाळीस. हे काम सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि मी एकटी राहते. दाराची कडी कुणी वाजवली तर मला कळणार आहे का, हा विचार एकदा डोक्यात आला की दिवसभर जात नाही. काल दोनदा उगीचच दार उघडून पाहिलं.

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. एकदा घेऊन रद्द केली होती, हेही सांगून टाकते. आता २१ तारीख, गुरुवार, सकाळी अकरा. बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे बसतात. जन्मभर आपण काचेच्या त्या बाजूला बसलोय. यंत्र चालवणाऱ्याचा हात कधी हलतो, खांदा कधी उचलतो, हे मला काचेतून बरोबर दिसतं. मी फसवीन, दादा. ऐकू नाही आलं तरी हात बघून बटण दाबीन आणि पास होऊन घरी येईन. बाबा हसायचे तशीच. मला स्वतःची खात्री नाही, म्हणून तुला बोलावते आहे. तू काचेपाशी उभा राहा. मी खोटं बटण दाबलं तर तुला माझ्या तोंडावरून लगेच कळेल, लहानपणापासून कळतं. तेव्हा बाईंना सांग.

आणि तू स्वतःचेही कान तपासून घे. लेकीचेही. हे लिहायला हात धजत नव्हता, पण तुला अंधारात ठेवणं बरं नाही.

तर आता माझा पहिला प्रश्न परत वाच. मॉनिटर ठेवायचे, असं म्हणालास, तर त्यांच्यासमोर खुर्चीत तू बसायचंस आणि टोचतंय की नाही ते तू ठरवायचंस. चौदा पुस्तकं पुन्हा करायची आहेत. बाईंचं वाचन आणि कापाकापी मी सांभाळीन, ते पडद्यावर बघून जमतं. घरचे स्पीकर घे, असं म्हणालास, तर मी समजून जाईन. स्टुडिओ बंद करीन, शाळेची सगळी पुस्तकं तुझ्याकडे पाठवीन आणि ते गोड स्पीकर घेऊन घरी ऐकत बसेन, जोवर ऐकू येतंय तोवर. दोन्हींपैकी काहीही सांग, मी वाद घालणार नाही. फक्त माझी दया येऊन सांगू नकोस.

किल्ली टेबलावरच आहे. उत्तर दोन ओळींचं असलं तरी कागदावर लिहून पाठव. फोन करू नकोस. तू काय म्हणालास ते मला नीट कळलं नाही, तर मी हो हो म्हणेन.

२१ तारखेला आलास तर माझ्या उजवीकडे बस.

तुझी,
ठेंगू