तिसरं पान

आई,

तुझ्या थोआचा नमस्कार. हनोईत मी खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर भात जेवते. तुझा गुडघा कसा आहे? बदकांची पिल्लं जगली का?

इथं एक नवीनच निघालंय. सोमवारी वॉर्डातला साहेब आम्हा भंगार गोळा करणाऱ्या बायांकडे आला. सरकारचं नवं धोरण आहे म्हणे, काहीच कचऱ्यात जाऊ द्यायचं नाही, सगळं पुन्हा वापरात आणायचं. मनात आलं, आम्ही जन्मभर दुसरं काय केलं? त्यानं हातमोजे आणि पिवळी जाकिटं फुकट वाटली, मग तीन पानी करारावर सही मागितली; तिसरं पान मात्र भरकन उलटलं.

माझ्याबरोबर भंगार गोळा करणारी न्हानमावशी माझ्या कानात पुटपुटली, "फुकट देणाऱ्याचा दुसरा हात बघावा गं."

मी म्हटलं, "साहेब, ते तिसरं पान वाचून दाखवा की."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मग सही तरी कशाला मागता?"

वाचावंच लागलं त्याला. माल एकाच ठरलेल्या कंपनीला द्यायचा, भाव तीच ठरवणार, आणि सही केल्यावर मिळणाऱ्या कार्डाशिवाय कुणी दारोदार फिरायचं नाही. आम्ही जाकिटं घड्या घालून परत केली. एकीनंही सही केली नाही.

काळजी करू नकोस, माझी सायकल रोज निघते. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई नऊ वर्षं मला बाटल्या देतात. काल म्हणाल्या, "कार्ड आहे ना गं तुझ्याकडे?" मी नाही म्हटलं. त्यांनी पिशवी दिली, पण आधी जिन्यात कुणी नाही ना, हे वाकून पाहिलं.

दादाला यातलं काही सांगू नकोस, उगाच धावत येईल.

तुझीच,
थोआ