घरचा वाफा

प्रिय मोनिका,

तुला आशीर्वाद आणि ज्ञानूला खूप पापे. समर्थला सांग की आईचं पत्र आलंय, पण ते त्याच्यासाठी नाही. पाकिटावर मुद्दाम तुझं एकटीचं नाव घातलंय. घरात दोन-दोन मोबाईल असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. पण अगं, फोनवर आपण दोघी बोलतो तरी काय? मी विचारते, जेवलात का, तू म्हणतेस, हो आई. मी विचारते, येता का, तू म्हणतेस, बघू आई. तेवढ्यात समर्थ फोन स्पीकरवर टाकतो, आणि मग मला जे बोलायचं असतं ते घशातच राहतं. चाळीस पोरांची अंगणवाडी सत्तावीस वर्षं सांभाळली, तेव्हा आवाज कधी कमी पडला नाही. तुझ्यापुढं मात्र तो पडतो, म्हणून वही-पेन घेऊन ओट्यावर बसलेय.

आधी घरची खबर सांगते. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा तसाच आहे, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि आपल्या घराला जिनाच नाही, त्यामुळं ते खूश आहेत. काळी गाय व्याली, कालवड झाली. भात पोटरीत आलाय, आता लोंब्या बाहेर पडतील, भंडारदऱ्याकडून येणारं वारं आता पहाटे बोचतं. आणि टोमॅटो, यंदा पण एक एकरच आहेत, बांबू-तारेवर चढलेत, तिसरा तोडा झाला. टोमॅटोचा विषय मी मुद्दाम शेवटी घेतला हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

यंदा आपल्या गावात शेतीशाळा भरली. कृषी सहायक म्हणून तमन्ना शेख नावाची पोरगी आलीय, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल, स्कूटीवर येते आणि सगळ्या बाप्यांना बांधावर उकिडवं बसवते. दर गुरुवारी सकाळी आम्ही पंधराजण एका रानात जायचं, वीस झाडं निवडायची, पान उलटं करून बघायचं आणि किडे मोजून कागदावर लिहायचे. पिकाला खाणारे किती आणि त्या किड्यांना खाणारे किती. पिकाला खाणारे फारच वाढले तर फवारणीचा विचार करायचा, नाही तर घरी जायचं. ही रीत म्हणे आधी इंडोनेशियात भाताच्या खाचरांत निघाली, तिथले शेतकरी असेच चिखलात बसून किडे खाणारे कोळी मोजायचे. स्पेनमध्ये तर प्लास्टिकच्या कागदाच्या घरात भाजी पिकवतात आणि किडे खायला किडेच विकत आणून सोडतात. तमन्नाताईनं मोबाईलवर दाखवलं, तेव्हा तुझे सासरे म्हणाले, "आगं, आमी जल्मभर किडे मारले, आन् आता मोजायला शाळा काढलीय व्हय! लई शानी पोरगी हाय ही." पण दुसऱ्या गुरुवारी माझ्या आधी तेच चपला घालून तयार होते.

माझी फजिती ऐक. पहिले दोन आठवडे मी चष्मा लावून मोठ्या हौसेनं पानापानावरचे काळे-नारिंगी, काटेरी किडे चिमटीत धरून चिरडत होते. एका सकाळी पन्नास तरी मारले असतील, आणि शाबासकी मिळेल म्हणून ताईला सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली. ती ढालकिड्याची पिल्लं होती, पानांचा रस शोषणारा मावा खाऊन आपलंच काम करणारी. तेव्हापासून तुझे सासरे मला आल्या-गेल्यासमोर सरकारी औषध म्हणतात, शत्रू सोडून मित्र मारणारं. मी पण सोडते होय? यांनी किडे भुलवायला लावलेलं झेंडूचं रोप तण समजून उपटलं होतं, ते मी सगळ्यांना सांगते.

हसून झालं. आता जे सांगायचंय ते सांगते, आणि तू ते बसून वाच.

गेल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे रानात आला होतात. तुझे वडील आप्पासाहेबही होते. ज्ञानू चार वर्षांची, पिकलेले टोमॅटो बघून हरखली, एक तोडला आणि तोंडाला लावला. मी तिच्या हातावर इतक्या जोरात मारलं की टोमॅटो दूर जाऊन पडला. वर तिच्या तोंडात बोट घालून थुंकायला लावलं. पोर घाबरून किंचाळली. तू म्हणालीस, आई, एक टोमॅटो तर घेतला तिनं. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, बाजारचा माल आहे, त्याला हात लावायचा नाही. तुझा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. जाताना आप्पासाहेबांनी मी भरलेली पिशवी ओट्यावरच ठेवली. त्यानंतर तू इकडं फिरकली नाहीस. संक्रांतीला ज्ञानूची शाळा, मे महिन्यात समर्थची सुट्टी, गणपतीत तुझी कंबर. मी एकदाही विचारलं नाही, कारण मला कारण माहीत होतं. सासूला नातीपेक्षा एक टोमॅटो जास्त, असं तुला वाटलं. वाटणारच. माझ्याच तोंडचे शब्द होते ते.

मोनिका, मी कंजूष नाही गं. त्या रानावर आदल्या दिवशी संध्याकाळी फवारणी झाली होती. दोन औषधं एकत्र करून, डब्यावर लिहिलंय त्याच्या दीडपट. तुझ्या सासऱ्यांचे फवारणीचे कपडे मी कायम वेगळ्या टपात धुते, हाताला फडकं गुंडाळून, हे तू कधी पाहिलं नसशील, कारण तुम्ही यायच्या आत ते मी आटपायची. ज्ञानूच्या ओठाला तो टोमॅटो लागला तेव्हा माझा हात आपोआप उठला. पण खरं सांगायचं धैर्य झालं नाही. बांधावर त्याच तोड्याचे साठ क्रेट भरून तयार होते, टेम्पो यायचा होता. नातीनं खाऊ नये असं आहे म्हटलं असतं, तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, मग हे कोण खाणार? तू विचारलाच असतास, मी तुला ओळखते. म्हणून मी विष पिकवणारी होण्यापेक्षा कंजूष सासू व्हायचं ठरवलं. ते सोपं वाटलं मला.

आणखी एक आहे. गोठ्यामागं आपला घरचा वाफा होता ना, दोन गुंठ्यांचा, तुला फार आवडायचा तो. तुमच्याकडं सावेडीला मी दर खेपेला पिशवी भरून पाठवायची ती भाजी त्यातली. तू शेजारणींना वाटून सांगायचीस, आमच्या गावाकडची, औषधाशिवायची. मला तेव्हा फुगल्यासारखं व्हायचं, आणि लाजही वाटायची, कारण त्या वाफ्यावर कधी फवारणीचा पंप चालला नाही तो याचसाठी की बाकीच्या रानावर कायम चालायचा. आमच्याकडं घरोघरी असाच एक वाफा असतो. त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. मी तर अंगणवाडीत पोरांच्या आयांना सांगायची, टोमॅटो खाऊ घाला, गाजर खाऊ घाला, लेकरांचं रक्त वाढतं. कुणाच्या रानातले, ते नाही सांगितलं कधी. मधल्या आठवड्यात तू सावेडीच्या भाजीवाल्याकडून ज्ञानूसाठी जे आणायचीस ते कुणाच्या रानातलं होतं, कोण जाणे. तिथल्या कुणा आजीनं आपल्या नातीसाठी वेगळा वाफा राखला असेल आणि उरलेलं माझ्या नातीला पाठवलं असेल. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो गेलाच नाही.

शेतीशाळेला मी नाव घातलं ते यासाठी. तुझ्या सासऱ्यांना मी काही कारण सांगितलं नव्हतं, पण चाळीस वर्षांचा संसार आहे, त्यांना कळलं. यंदा निंबोळीचा अर्क मारला, पतंग अडकवायला कामगंध सापळे लावले, अळ्या हातानं वेचल्या. सगळं गोड-गोड झालं असं समजू नकोस. भाद्रपदात आठ दिवस सूर्य दिसला नाही, पानांवर करपा रोग आला, तेव्हा एकदा औषध मारावंच लागलं. पण एकच, डब्यावर लिहिलंय तेवढंच, आणि बांधावर तारीख लिहून पाटी लावली. औषध उतरायचे दिवस भरेपर्यंत एक फळ तोडलं नाही. तीन ओळींचे टोमॅटो जास्त पिकून खाली पडले. ते पडताना बघून हे कळवळले, पण हातात पंप घेतला नाही. फळं जरा बारीक आहेत, काहींना डागही आहेत. आणि गेल्या महिन्यात आम्ही घरचा वाफा मोडला. तिथं आता गवत लावलंय काळीसाठी. आमच्या ताटात येतं ते आणि टेम्पोत जातं ते एकाच रानातलं आहे. शेजारचे कल्याणभाऊ विचारत होते, वहिनी, घरच्यासाठी काय करता मग? मी म्हटलं, हेच.

सासूनं सुनेची माफी मागावी अशी आपल्याकडं पद्धत नाही, तरी मी मागते. तुझी, आणि तुझ्या वडिलांचीही, त्यांना तू हे वाचून दाखवलंस तरी चालेल. खरं तर हे मी वर्षभर पोटात ठेवलं होतं आणि आणखी ठेवलंही असतं, माझा स्वभाव तसाच आहे. पण परवा फोनवर बोलता-बोलता तू गॅसवरची भाजी बघायला आत गेलीस, समर्थ दारात कुणाशी बोलत होता, आणि फोन ज्ञानूच्या हातात राहिला. तिनं आवाज बारीक करून मला विचारलं, "आजी, मी तिकडं कशालाच हात लावणार नाही. मग मी येऊ का?" मी फोन ठेवून दिला. मोनिका, पोर अजून उत्तराची वाट बघत असेल. तिला ये म्हणावं. आणि तूही ये गं.

तुझीच,
मुक्ताआई