तिनं चित्र का फाडलं

तीर्थरूप आईला, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. हाताला टाके पडलेत, पण लिहिता येतंय.

वर्गात एक कादंबरी चालू आहे, सरळ काही सांगतच नाही. त्यातली चित्रकार बाई घरच्यांना वाढून झालं की स्वतःचंच चित्र सुरीनं टराटरा फाडते. सर म्हणाले, "हे वेड." मी ताडकन उठून टेबलावर हात आपटला, तो काचेच्या ग्लासवरच, ग्लास फुटला. "वेड कसलं? नवरा फाडणार, म्हणून तिनं आधी फाडलं!"

"पुस्तकात कुठंय हे?"

पुस्तकात नव्हतंच, आई. बाबांची पावलं वाजली की तू चित्राचा कागद फाडायचीस, तेच तोंडून निघालं.

बाबांनी दारात चिरडलेली तुझी बोटं आता वळतात का? रंग घेऊन येतेय. या वेळी फाडायचं नाही. दारात मी उभी राहीन.

तुझीच,
थोरली