दमासाठी

५ जानेवारी
निलंग्याच्या एसटीने हाडं खिळखिळी केली, पण घर पाहून शीण गेला. गावाखालच्या खोलगट जागेत एकटंच, थंडगार, अंगणात धुण्याला ऐसपैस दगड. गाव मात्र वर उघड्या माळावर तापत बसलंय. घरमालक गुरुपादप्पा म्हणाले, खाली कुणी राहत नाही. ठीक आहे, शहाण्यांनी राहावं. शेजारीच मला बोलावणाऱ्या कंपनीची खोल बोअर. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड तिच्यातून खालच्या काळ्या खडकात सोडायचा, तिथे त्याचा दगड होतो. धोका नाही एवढं तपासून मी सही करायची. एवढ्यासाठी पुण्याहून प्राध्यापक लागतो!

७ जानेवारी
जमिनीला जुनी भोकं असली तर वायू वर येऊ शकतो, म्हणून आज मोजणी. कागदावर नऊ बोअर. गुरुपादप्पा हसले. "पानी लागलेल्या नऊ. कोरड्या गेलेल्या कोन लिवतंय साहेब? वर दगड ठिवून सोडून देतेत." पन्नास तरी असतील म्हणे. या लोकांचं दहाच्या पुढे सगळं पन्नासच. मी नऊच लिहिल्या.

१० जानेवारी
कालपासून चाचणीपुरतं वायू सोडणं सुरू झालं. स्वयंपाकाला येणाऱ्या सगुणाबाईंनी आज उंबऱ्याच्या आत, जमिनीवर पणती लावली. भरदिवसा! म्हटलं, बाई, इथे विज्ञान चाललंय, पूजा नको. तर म्हणतात, "द्येवासाठी न्हाई साहेब, दमासाठी हाय." दम्यासाठी म्हणायचं असणार. साधी विभक्ती धड येत नाही. मला दमा नाही, असं सांगून पणती फुंकून टाकली.

१३ जानेवारी
वायुमापक जमिनीवर ठेवला की बोंबलतो. स्वस्तातला माल. वर खुंटीला टांगला, गप्प बसला. धुण्याच्या दगडाजवळ मांजर मरून पडलंय. गावातल्या कुणीतरी विष घातलं असणार, दुसरा उद्योग काय! डोकं ठणकतंय.

१५ जानेवारी
वारा पडलाय. सगुणाबाईंनी चोरून पणती लावली, ती आपोआप विझली. तेलातली भेसळ. घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, वर गावात चला. मी हाकलून लावलं. संध्याकाळी माळावर जाऊन अहवाल पाठवला: धोका नाही. खाली माझी सही.

१६ जानेवारी, सकाळ
हाकलूनही सगुणाबाई आल्या. झाडायला वाकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांना ओढायला वाकलो — श्वासच येईना — टेबलावर चढलोय. खुंटीवरचा मापक किंचाळतोय.

वरून गुरुपादप्पा ओरडताहेत. "दम चढलाय साहेब, जुन्या हिरीत चढतो तसा! खाली बसू नगा!" विहिरीत उतरायच्या आधी हे लोक दिवा सोडतात. विझला तर आत दम. दमा नव्हे. मला कुणी सांगितलं अस—

सांगितलं होतं.

जड वायू, खोलगट जागा. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो मी हे. धुण्याचा दगड — त्याखाली बोअर. दहावी.

इथे फोन लागत नाही. वायू सोडणं चालूच आहे — माझ्या सहीवर —

पुन्हा वाकलो. हात हाताला लागला. अजून गरम आहे. उचलवत नाहीत, टाकून जाववत नाही —

त्यांची पणती टेबलावर लावली. ज्योत बारीक — आणखी बारीक —

सगुणाबाई, विभक्ती बरोबर होती. चूक मा