गेटवरचा फोटो

पूर्णा, भिवंडी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय भाग्यश्री,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंडाला मात्र अजून विश्रांती नाही. तुमचं भात कापायला आलं असेल. तुझ्या हितेशच्या पायाचं विचारायचं धाडस होत नाही, तरी विचारते. कुबडी सुटली का?

कंपनीचं उत्तर मिळालं असेल. हितेश त्या दिवशी गोदामात नव्हताच, हजेरी त्याच्या भावाची, धाकल्याची आहे आणि तो तर धडधाकट आहे, म्हणून भरपाई नाही. भाताच्या लावणीला एक भाऊ शेतात आणि दुसरा त्याच्या कार्डावर ड्युटीला, हे आपल्याकडे कुणाला नवीन आहे? गोदामातला निम्मा माल असाच उचलला जातो.

खोकी हितेशच्या पायावर कोसळली त्याच सकाळी गेटवर मी त्याच्याशी बोलले होते. हसून म्हणाला, "आज मी धाकल्या हाय, हितेश म्हणून हाक मारू नको." हे मी आमच्या कंपनीच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्याच व्ह्यूमध्ये बघ ना, तिथे धाकल्याच आहे."

आता तेच सांगते. गोदामाची सगळी माहिती कॉम्प्युटरवर एका ठिकाणी साठते. त्यातलं कुणाला काय दिसावं, ते पान मी आखते. त्याला व्ह्यू म्हणतात. गेटवर कार्ड लावलं की कॅमेरा फोटो घेतो. त्या फोटोंमुळे हजेरीचं पान इतकं रखडायचं की साहेबांचा चहा संपायचा. मी पानावरून फोटो वगळले. पान झटक्यात उघडायला लागलं, शाबासकी मिळाली, मी पेढे वाटले. पण जी माहिती कुठल्याच पानावर लागत नाही ती महिन्याने पुसायची, असा कंपनीचा नियम आहे. लोकांचे चेहरे उगाच साठवू नयेत म्हणून केलेला, शहाणपणाचाच. त्यात त्या सकाळचा हितेशचा फोटो गेला. मी सगळीकडे शोधला गं. कुठेच नाही.

परवा धाकल्या भेटला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तू कामगार ऑफिसात बोललीस तर माझा कार्ड जाईल. मंग दोन घरांनी खायाचा काय?"

हे पत्र अधिकाऱ्यांना दाखवायचं की चुलीत घालायचं, ते तुम्ही तिघं बसून ठरवा. दाखवलंत तर धाकल्याचं काम जाईल, बहुधा माझंही. जाळलंत तर हितेश कधी कामावर नव्हताच. दोन्हीतून काही चांगलं निघेल अशी आशा मला उरलेली नाही. सही मात्र करते.

१० जुलैला हितेशला गोदामात कामावर जाताना डोळ्यांनी पाहिलेली,
हेमाली