पेंढ्याच्या गंजीमागे

अहो,

ऐकताय ना? हयातभर तुमचं नाव घेतलं नाही, आता पत्रात कुठे घेऊ? काल सिंधी कॅम्पातले लछमनभाऊ आले होते, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. चहा घेता घेता हसायला लागले आणि म्हणाले, "भाभी, आज सांगून टाकतो. त्या मॅचला तुमच्या वडिलांनी, नानांनीच मला सांगितलेलं, अंबरनाथच्या त्या पोराला धू. जेवढा धुता येईल तेवढा." मला ठसकाच लागला. तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

म्हणजे ती मॅच तुमची परीक्षा होती हो! काड्यापेटीच्या कारखान्यात नोकरी, घर चांगलं, पत्रिका जुळलेली, तरी नानांचा होकार अडला होता. माझ्या आत्याला तापट नवरा मिळालेला. भाजीत मीठ कमी पडलं तरी हात उगारायचा. तिला माहेरी परत आणावं लागलं, तेव्हापासून नाना कुठल्याही स्थळाचा पगार नंतर विचारायचे. "गोड काय कोणीही बोलेल, मला याला चिडलेला बघायचाय," असं ते आईला सांगत होते, ते मी ऐकलं होतं. पण त्यांनी लछमनभाऊंना सामील करून घेतलं असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. भाऊ कॅम्पातून सायकलवर कापडाचे गठ्ठे घेऊन बेलवलीत यायचे, आईशी खणाच्या भावावरून घासाघीस करायचे आणि रविवारी आमच्या गावाकडून खेळायचे.

भात कापून मोकळ्या झालेल्या आमच्याच शेतात मॅच होती. मी परसात, पेंढ्याच्या गंजीआड. नवऱ्या मुलाला चोरून बघायला दुसरी जागा कुठली? तुमच्या पहिल्याच फिरकीला भाऊंनी उचललं. पुढचीलाही. बेलवलीचा नियम असा, की ज्याला सिक्सर बसला त्यानेच बॉल शोधून आणायचा. पोरं ओरडत होती, "पाहुणे, सायकल देऊ का?" नाना बांधावर बसून तुमच्या चेहऱ्यावर टक लावून होते. तुम्ही शांतपणे जात होतात, शांतपणे येत होतात. धडधडत होतं ते माझं काळीज. मला तुम्ही आवडला होतात हो, बघायला आलात तेव्हापासूनच.

तिसरा सिक्सर थेट गंजीमागे आला. तुम्ही आलात, इकडेतिकडे पाहिलंत आणि बॉल उचलून असा काही आपटलात शेणाच्या ढिगात! वर त्या बॉलच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. मग मी दिसले. तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"कधीपासून उभ्या आहात?"

"सगळं ऐकलं," मी म्हटलं. "बॉल पुसून घ्या, शेण लागलंय."

तुम्ही हसलात. गवताने बॉल पुसलात, थोडं थांबलात आणि परत गेलात. आता रागाने सपाट, भरभर टाकाल असं मला वाटलं. तुम्ही तर आधीपेक्षा उंच टाकलात, आणि हळू, जेवायला बोलावल्यासारखा. भाऊ धावत पुढे आले, बॅट हवेत फिरली, बॉल वळून मागे गेला आणि कीपरने स्टंप उडवले. तुम्ही जाऊन भाऊंची पाठ थोपटलीत.

संध्याकाळी नाना आईला म्हणाले, "या पोराला राग म्हणजे काय ते ठाऊकच नाही. देऊन टाकू पोरगी." चुलीपाशी मी तोंडात पदर कोंबून हसत होते. नानांनी बिनरागाचा जावई निवडला. मी निवडला तो राग गंजीमागे टाकून येणारा.

संसारातही तसेच राहिलात. मी ताडताड बोलले की तुम्ही चप्पल घालून जरा बाहेर जायचात आणि परत आल्यावर विचारायचात, "चहा टाकतेस का?" बाहेर कोणाचा उद्धार करत होतात, ते कधी सांगितलं नाहीत. माझाच ना?

काल निघताना भाऊ डोळे पुसत म्हणाले, "एवढा थंड डोक्याचा माणूस नाही पाहिला, भाभी." मी नुसती मान डोलावली. नाना त्याच समजुतीत गेले, भाऊंनाही तसंच वाटत राहू दे. तुमच्या त्या शिव्या मी कोणालाही सांगणार नाही, वचन देते. त्या माझ्या एकटीच्या आहेत.

तुमचीच,
शालू